तापल्या अंगाचं दूध

पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, सुई टोचली की अंगात ताप भरतो, दंड सुजतो, डोकं ठणकतं. तो ताप वाईट नसतो. अंग कामाला लागलंय, एवढाच त्याचा अर्थ. आज हे मी कुणालाही ठणकावून सांगते. पण तेव्हा निजामाचं राज्य होतं, पोलीस ॲक्शनला अजून दोन-तीन उन्हाळे बाकी होते, आणि आमच्या घरात हे एकाही बाईला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. मी शहाणी होते असं कुणी समजू नका. मी नुसती हट्टी होते.

आमचं गाव पूर्णेच्या काठाला, वसमतपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. घरची मेंढरं, शेळ्या, आणि नदीकडेला ज्वारीपुरती जमीन. उन्हाळा लागला की दोघे भाऊ, म्हणजे माझा नवरा आणि थोरला दीर, मेंढरं घेऊन सेनगावच्या माळाकडं जायचे ते मिरगाला परत यायचे. मागं घरात आम्ही तिघी बाया उरायचो. सासू, थोरली जाऊ आणि मी. सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो आणि जावेला मी अक्का म्हणायची. त्या साली आम्हा दोघींच्या अंगावर पिती लेकरं होती. अक्काचा पोरगा नुकता बसायला लागला होता. माझी पोरगी अजून मान धरायला शिकत होती. अक्काला लग्नानंतर किती तरी वर्षं मूल नव्हतं, नवससायास करून हा झाला होता, त्यामुळं घरात त्याचे लाड जास्त. माझ्या पोरीकडं बघून आत्याबाई म्हणायच्या, ही काय, वाढंल आपली आपली.

पाण्याचं सांगते, कारण सगळं तिथूनच आलं. नदी आटली की पात्राच्या वाळूत खड्डा करायचा, त्याला झिरा म्हणायचं. त्यात पाझरेल ते पाणी वाटीवाटीनं कळशीत भरायचं. वाळूतून आलेलं ते पाणी इतकं नितळ दिसायचं की त्यात काही वाईट असेल असं कुणाच्या मनातही येत नसे. वरच्या अंगाला बाया धुणी धुवायच्या. त्या उन्हाळ्यात वसमतच्या बाजारातून परत आलेला एक माणूस ओकून-हगून एका दिवसात गेला आणि त्याचं अंथरूण त्याच्या बायकोनं तिथंच धुतलं. दुसरीकडं कुठं धुणार होती बिचारी? मग एकेका घरातून रडणं ऐकू यायला लागलं. निम्मं गाव रानात जाऊन राहिलं. आमच्या शेजारचं घर कडी लावून रिकामं पडलं, त्यांचं कुत्रं तेवढं दारात बसून असायचं.

पटकीच्या बाबतीत गावात आत्याबाईंचा शब्द शेवटचा. त्या नव्या नवरी असताना त्यांना स्वतःला पटकी झाली होती. त्याच मरीत त्यांचे सासू-सासरे गेले, पाळण्यातली पोर गेली, आणि ह्या मात्र उठल्या. तेव्हापासून गावात मरी आली की लोक पळायचे आणि आत्याबाई पदर खोचून घरोघर जायच्या. लोकांची घाण काढायच्या, मेलेल्याला न्हाऊ घालायच्या, राखेनं हात घासून घरी यायच्या आणि भाकरी खायला बसायच्या. त्यांना कधी काही झालं नाही. गाव म्हणायचं, मरीआईनं हिला एकदा तोंडात धरून परत टाकलंय, आता ती हिला शिवायची नाही. आत्याबाईंनाही तसंच वाटायचं. काहून वाटू नये?

आता माझी नात दवाखान्यात नर्स आहे. ती म्हणते, आजी, रोगाशी झुंजून उठलेलं अंग त्या रोगाला ओळखून ठेवतं आणि पुन्हा आला की दारातच अडवतं. हे जन्मभर टिकतंच असं नाही, पण चांगली काही वर्षं टिकतं, आणि मधनंमधनं तोच रोग जरासा पोटात गेला की ती ओळख ताजी होते. म्हणजे लोकांच्या घाणीत हात घालून आत्याबाईंचं अंग तयारच राहत होतं म्हणायचं. त्या वेळी हे कुणी आत्याबाईंना सांगितलं असतं तर त्यांनी त्याला दारातून हाकलून दिलं असतं. मीही हसलेच असते.

मग एक दिवस सुईवाले आले. एक डाक्टर, एक चपराशी आणि दोन पोलीस, बैलांच्या खाचरात पेटी ठेवून. ते ह्या रोगाला हैजा म्हणायचे. पाटलानं गावात उरलेल्या माणसांना चावडीपुढं उभं केलं. बाया हातभर पदर ओढून रांगेत, म्हाताऱ्या रडून राहिल्या, एकजण तर मागच्या मागं नदीकडं पळाला आणि पोलिसानं त्याला धरून आणला. डाक्टर तरणा होता, हैदराबादेकडचा, मोडकंतोडकं मराठी बोलायचा. पण बोलायचा नीट, ओरडायचा नाही. आमचे दंड टोचून आम्हाला खाली बसवल्यावर त्यानं सगळ्यांना सांगितलं की पाणी उकळून प्या. ताप येईल, घाबरू नका. आणि ही सुई आजच्या आज लागू होत नाही, आठ-दहा दिवस लागतात, तोवर सुई टोचलीच नाही असं समजून जपा. माझ्या मांडीवरच्या पोरीकडं बघून तो म्हणाला की एवढ्या लहानाला मी टोचत नाही. आणि मग खाली वाकून माझ्याशीच बोलला.

“अंगावरचं पाजा, बाई. वरचं काही नको, पाणीबी नको. तुमाला ताप आला तरी पाजा.”

परका पुरुष थेट माझ्याशी बोलला म्हणून मला इतकी लाज वाटली की मी मान वर केली नाही. पण शब्द मात्र एकूण एक ऐकले.

आत्याबाई सुईच्या विरोधात असत्या तर सगळं सोपं झालं असतं. पोलिसांपुढं काय चालणार होतं त्यांचं? पण त्या विरोधात नव्हत्याच. स्वतः टोचून घ्यायला त्या पुढं गेल्या नाहीत, मला मरीआईनं आधीच टोचलंय म्हणाल्या, पण आम्हा दोघींना त्यांनीच रांगेत लोटलं. त्यांनी त्या सुईला हात जोडले. देवी काढतात तशीच ही सुई, असं त्यांच्या मनानं घेतलं. आमच्याकडं लेकरांना देवी काढल्या, दंडावर फोड आला, ताप आला, की देवीच बारीक रूपानं अंगात आली असं धरायचे आणि घरानं तिचं पाळायचे. दाराला कडुलिंबाचा टहाळा लावायचा. फोडणी द्यायची नाही, कढत काही पोटात घालायचं नाही, आईला ऊन सोसत नाही. शिळी भाकरी, ताक, गार पाणी. देवीचं इतकं पाळलं की ती गुण देऊन जाते. इथं देवीच्या ठिकाणी मरीआई, एवढाच काय तो फरक. पाळणूक तीच.

संध्याकाळी आम्हा दोघींना ताप भरला. माझा दंड टम्म फुगला आणि दात वाजायला लागले. आत्याबाईंनी आमच्या अंगाला हात लावून पाहिला, आणि घाबरायचं सोडून त्यांचा चेहरा खुलला. आई आली म्हणाल्या. दाराला लिंब लावला, चुलीतली लाकडं ओढून पाणी शिंपडलं, आणि चुलीवर कुणी काही ठेवायचं नाही असं सांगितलं. मी म्हटलं, आत्याबाई, डाक्टर पाणी उकळा म्हणून गेलाय. तर म्हणाल्या, अंगात आई असताना उकळतं पाणी पोटात ओतून तिला भाजतीस का? मी म्हटलं, गार करून पिऊ. त्यांनी झिऱ्याची भरलेली कळशी आमच्या उशाशी आणून ठेवली. तहान तर अशी लागलेली. प्यायलो आम्ही. मीही प्यायले, का खोटं बोलू.

पण खरं पुढंच होतं. त्यांनी दोन्ही लेकरं उचलली आणि आपल्या अंथरुणावर नेली. तापल्या अंगाचं दूध लेकराला द्यायचं नाही, त्यातून आई लेकरात उतरते, आणि एवढ्याशा जिवाला ती झेपत नाही. आई अंगातून जाईपर्यंत, म्हणजे आठवडाभर तरी, लेकरं शेळीच्या दुधावर. शेळीचं दूध दाट, म्हणून त्यात पाणी घालायचं. पाणी अर्थात झिऱ्याचं. न उकळलेलं. ते बोंडल्यात भरायचं आणि बोंडल्याचं टोक लेकराच्या तोंडात धरायचं.

 अक्का भिंतीकडं तोंड करून पडली. तिचा पोरगा शहाणा, दोन वेळा कुरकुरला आणि बोंडलं चोखायला लागला. माझी पोरगी ते धरेना. तिनं टाहो फोडला. आत्याबाई तिच्या ओठाला टोक लावायच्या आणि ती तोंड फिरवायची, तिचं तोंड लाललाल झालेलं, आणि इकडं माझी छाती भरून दगड झालेली, चोळी ओली होऊन राहिली. तिच्या प्रत्येक रडण्याला माझ्या छातीत कळ यायची. ज्या बाईनं पाजलंय तिला सांगायला नको. ते रडणं कानानं ऐकत नाही बाई.

माझ्या नाकावर राग, हे माहेरापासून सगळ्यांना ठाऊक. लग्नात आईनं शंभरदा बजावलं होतं की सासूपुढं तोंड उघडू नकोस, आणि मी बऱ्यापैकी उघडत नव्हते. त्या वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले, तोल जात होता, भिंत धरून आत्याबाईंपाशी गेले आणि म्हटलं, द्या माझी पोरगी.

“तुझ्या अंगात आई हाय,” आत्याबाई म्हणाल्या. “लेकरू जाळशील.”

“डाक्टर बोलला पाजा म्हणून. ताप असला तरी पाजा म्हणाला.”

“त्याला काय ठाऊक? त्याला कधी पटकी झाली व्हती का?”

 आजही विचार केला तर वाटतं, तोडीस तोड बोलल्या त्या. मरीच्या तोंडातून परत आलेली बाई त्या, आणि पेटी घेऊन आलेला परका पोरगा तो. कुणाचं ऐकावं? मी कुणाचंच ऐकलं नाही, मी पोरीचं रडणं ऐकलं. त्यांच्या मांडीवरून तिला हिसकली, अंगणातल्या शेळ्यांच्या गोठ्यात शिरले, आतून दार लोटलं आणि तिथं पडलेला जुना पाटा दाराला लावून त्याला पाठ देऊन बसले. पोरगी छातीला लागली आणि क्षणात गप झाली. शेळ्या माझ्याकडं बघत रवंथ करत होत्या.

मला वाटलं होतं आत्याबाई दार फोडतील. त्या ओरडल्याही नाहीत. बाहेर उभ्या राहून सांगत राहिल्या, सावकाश, एखाद्या हटवादी पोराला सांगावं तसं. त्यांची पाळण्यातली पोर कशी गेली ते सांगितलं. पटकी झालेली असताना त्यांनी तिला पाजलं होतं. अंगावरच पीत पीत ती गेली. ही गोष्ट त्यांनी आजवर घरात कधी सांगितली नव्हती. आता दाराआडून सांगितली आणि म्हणाल्या की मी केलं ते तू करू नको, माझ्या बाई.

 पोरीचं अंग माझ्या तापलेल्या अंगाला लागून गरम झालं होतं, तेही मला वेगळंच वाटायला लागलं. तिला ताप आला का? आई उतरली का तिच्यात? मी तिच्या कपाळाला कपाळ लावून बघायची, पण माझंच कपाळ पेटलेलं, त्यातून काय कळणार. ती मात्र पीतच होती. मनात आलं, दार उघडावं, देऊन टाकावं लेकरू, म्हणजे काही झालं तरी माझ्या माथी नको. खरंच आलं मनात. पाट्यावर हातही ठेवला. पण तिला छातीपासून सोडवायला गेले तर तिनं अशी पकड धरली, की राहू दे म्हटलं, पोटभर पिऊ दे, मग बघू. पोट भरल्यावर ती झोपली. झोपल्यावर तिला कशाला हलवायचं, म्हणून दार तसंच राहिलं.

शेवटी आत्याबाई थकल्या. तुझं लेकरू, तुझं नशीब, एवढं बोलून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का गोठ्याशी आली. फटीतून तिनं मला भाकरी आणि पाण्याचा तांब्या दिला. तिचा पदर छातीवर ओला होता. दूध पिळून भिंतीवर टाकून राहिले म्हणाली. मी म्हटलं, अक्का, पोराला घेऊन इकडं या, दोघी बसू, काय करणार आहेत त्या?  ती म्हणाली की इतक्या नवसानं झालाय, आईचा कोप झाला तर मी कुठं जाऊ? आणि गेली. तिला मी काय म्हणणार. मला एक लेकरू आपोआप झालेलं होतं, दुसरं होईल असंही वाटत होतं. तिची गोष्ट निराळी होती.

ताप उतरला, पण मी गोठा सोडला नाही. पाणी मात्र त्या तांब्यातलंच पीत होते, दुसरं आणणार कुठून? उकळायला चूल नाही आणि घरात माझं ऐकणारं कुणी नाही. एवढी हट्टाला पेटलेली मी, पण तहानेपुढं मुकाट होते.

तिसऱ्या दिवशी उन्हं चढताना घरातून अक्काचा आवाज आला. रडणं नव्हतं, नुसती हाक होती, आत्याबाई, आत्याबाई, अशी. मी दाराचा पाटा सरकवून बाहेर आले. पोरगा आत्याबाईंच्या मांडीवर होता. तांदळाच्या धुवणासारखं पाणी त्याच्यातून जात होतं, थांबतच नव्हतं. बघता बघता त्याचे डोळे खोल गेले. गाल आत गेले. त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. आत्याबाई न थांबता त्याला पुसत होत्या, अंगारा लावत होत्या, लिंबाचा पाला फिरवत होत्या, आणि गार पाण्याची धार तोंडात सोडत होत्या, तीही बाहेर येत होती. अक्का त्याचे पाय चोळत होती. दुपार टळायच्या आत तो गेला. जाताना रडलाही नाही. त्याच्या अंगात रडण्यापुरतंही पाणी उरलं नव्हतं.

गावात उरलेल्या चार पुरुषांनी त्याला मातीआड केलं. बाया दारात जमल्या आणि सुईला शिव्या घालायला लागल्या. ज्यांना टोचलं त्यांच्याच घरात मरी शिरली म्हणाल्या. एक म्हातारी माझ्याकडं बोट करून म्हणाली की हिनं आईचं पाळलं नाही, म्हणून आईनं जावेचं लेकरू नेलं, आता हिचं नेईल. मी पोरीला पदराखाली धरून तशीच उभी राहिले. त्यांना सुनवायला माझ्या तोंडात शब्द आले होते. पण अक्का उंबऱ्यावर बसली होती, रिकामी मांडी घेऊन. 

आणि तेवढ्यात माझ्या पोटात कळ उठली.

पहिल्या ओकारीलाच मला कळलं. सुई लागू व्हायला आठ-दहा दिवस, डाक्टर म्हणाला होता, आणि आत्ता कुठं तिसरा. पिंडऱ्यांत असे गोळे यायला लागले की कुणी पिळून राहिलंय. मी अंगणातच बसले, मग आडवी झाले. पोरगी कुणी तरी माझ्याजवळून उचलली. मला ती दिसेना. मला मरणाची भीती वाटली नाही म्हटलं तर ते खोटं ठरेल, वाटलीच, पण त्याहून जास्त हे वाटत होतं की आता तिला बोंडलं देतील. बोलायला गेले तर आवाज फुटेना. घसा कोरडा, ओठ फुटलेले. मी आत्याबाईंचं पातळ धरलं आणि ओढलं.

आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग उठून चुलीपाशी गेल्या. मला उंबऱ्यातून चूल दिसत होती. त्यांनी राख बाजूला केली, गोवऱ्या रचल्या, काडी ओढली. तीन दिवस विझलेली चूल आत्याबाईंनी आपल्या हातानं पेटवली. अंगात आई असलेल्या सुनेसाठी. त्यांना स्वतःला पटकी झाली तेव्हा त्यांच्या जन्मदात्या आईनं म्हणे तांदळाची मीठ घातलेली पेज पाजून पाजून त्यांना जगवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं, पण मरीआईचं पाळताना ते आठवायची सोय नव्हती. पेज त्यांनी वाटीनं दिली नाही. बोट बुडवायच्या, माझ्या ओठात घालायच्या. ओकले की पुसायच्या आणि पुन्हा बोट बुडवायच्या. उलटलं तरी देत राहिल्या. माझी घाण त्यांच्या कोपरापर्यंत आली होती.

पोरगी रडायला लागली होती. भुकेचं रडणं, मला ओळखू येत होतं. माझी छाती मऊ पडली होती, तिच्यात थेंब नव्हता. आत्याबाईंनी इकडंतिकडं पाहिलं आणि सवयीनं त्यांचा हात फळीवरच्या बोंडल्याकडं गेला.

अक्का उंबऱ्यावरून उठली. तिनं आत्याबाईंच्या हाताला हात लावला आणि तो खाली केला. पोरीला घेतलं, भिंतीला टेकून बसली आणि पदराआड छातीला लावलं. माझ्या पोरीनं एकदा तोंड बाजूला केलं, वास वेगळा लागला असेल, आणि मग चोखायला लागली. अक्काचे डोळे मिटलेले होते. तिच्या अंगावर त्या दुपारीच गेलेल्या पोराचं दूध होतं.

“आत्याबाई,” ती डोळे न उघडता म्हणाली, “माझं दूध व्हतं ना. त्याला काहून न्हाई पाजू दिलं?”

आत्याबाई माझ्या तोंडाशी बोट धरून बसल्या होत्या. ते बोट तिथंच राहिलं.

“मला ठाऊक न्हवतं, लेकी,” त्या म्हणाल्या. मग पेजेत पुन्हा बोट बुडवलं.

ह्यावर त्या दोघींमध्ये पुढं कधी बोलणं झालं नाही. मी तरी ऐकलं नाही. पण त्याच आठवड्यात आत्याबाई घरोघर गेल्या, आणि जिथं जिथं चुली विझवून बाया आईचं पाळत बसल्या होत्या तिथं तिथं स्वतः चूल पेटवून हंडा चढवून आल्या. म्हाताऱ्या भांडल्या. आत्याबाईंच्या हातून आईचं पाळणं विटाळलं असंही बोलल्या. त्यांनी कुणाला उलट उत्तर दिलं नाही. लेकुरवाळीपाशी बसायच्या आणि लेकरू छातीला लावल्याशिवाय उठायच्या नाहीत.

मी उठले ते हळूहळू. बरेच दिवस उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची. मला काहून झालं आणि तेच पाणी प्यालेल्या अक्काला काहून नाही, हे नातीला विचारलं तर ती म्हणते, आजी, सगळ्यांची अंगं सारखी नसतात. पूर्वी कधी तरी तिला हलकंसं होऊन गेलं असेल, कळलंही नसेल. आणि तशा बाईच्या दुधातूनही लेकराला राखण मिळते. मी एवढंच समजले की अक्काच्या अंगात तिच्या पोराला वाचवायची ताकद होती आणि ती भिंतीवर सांडत राहिली. हे मी अक्काला कधी सांगितलं नाही. कुणी सांगू नये.

माझं दूध आटलंच होतं. पुढं थोडं परत आलं, पण पोरगी आता अक्काशिवाय झोपेना. मला वाईट वाटायचं का? वाटायचं. गोठ्यात जिच्यासाठी मी तापात बसले ती दुसरीच्या कुशीत शिरायची आणि माझ्याकडं बघायचीही नाही. पण अक्काच्या अंगात पुन्हा धुगधुगी आली होती. ती जेवायला लागली होती, का तर दूध कमी पडू नये. तेवढ्यासाठी जेवायची.

मग सुईवाले दुसरी सुई द्यायला परत आले. गावानं दारं लावून घेतली. ज्या घरात पहिल्या सुईनंतर लेकरू गेलं त्या घराकडं सगळे बघत होते, हे काय करतात म्हणून. आत्याबाई माझा हात धरून चावडीकडं निघाल्या. पण त्यांच्याही पुढं अक्का गेली होती. ती चावडीपुढं एकटीच उभी होती, माझी पोरगी छातीशी, आणि दंड उघडा केलेला.

तोच डाक्टर होता. त्यानं सुई टोचली आणि पोरीचा गाल बोटानं दाबून पाहिला. चांगली भरलीय म्हणाला, अंगावरचंच पाजता ना? अक्कानं मान हलवली. मग त्यानं चपराशाला लिहून घ्यायला सांगितलं आणि सहज विचारलं की लेकरू कुणाचं.

मी दोन पावलांवर होते. तोंड उघडलंही होतं.

“माझं,” अक्का म्हणाली.

माझी पाळी आली तेव्हा मला लेकरू आहे का असं चपराशानं विचारलं. मी नाही म्हटलं आणि दंड पुढं केला.